बोंबलांखाली चा-चा-चा

"धुरीभाई, तुम्ही काय टेन्शन घ्यायचं नाय. संगीतला दोघांनी पहिल्या रांगेत बसायचं आणि मस्त टाळ्या वाजवायच्या. बस!"

माझे होणारे व्याही निमेशभाई हे वाक्य बोलले तेव्हा माझ्या हातात त्यांच्याच घरची खांडवीची बशी होती. नाहीतर मी काय केलं असतं ते सांगता येत नाही. निमेशभाई माणूस चांगला आहे, अडचण तीच आहे. वाईट माणसाचा राग तोंडावर काढून मोकळं होता येतं. चांगल्या माणसाचा राग पोटात ॲसिडिटी होऊन बसतो.

घाटकोपरच्या त्यांच्या प्रशस्त हॉलमध्ये लग्नाची बोलणी चालली होती. माझी मुलगी निधी, त्यांचा मुलगा सर्वेश. पोरांनी आधीच सगळं ठरवलेलं, त्यामुळे आम्हा चौघांना ठरवायला फक्त संगीत उरलं होतं. निमेशभाई आणि भाविकाबेन त्यासाठी खास कोरिओग्राफर लावून लॅटिन बॉलरूम नाच शिकत होते. भाविकाबेननी गालिच्यावर चार पावलं टाकून दाखवली आणि म्हणाल्या, "याला चा-चा-चा म्हणतात. तुमच्यात हे असं डान्सबिन्स नसतं ना."

तुमच्यात! गणपतीत एका पायात चाळ बांधून पहाट होईपर्यंत गोल फिरणाऱ्या बापाचा मी मुलगा. माझे काका जाखडीत नाचता नाचता एकदा विहिरीच्या कठड्यापर्यंत गेले आणि ताल न सोडता परत आले. आणि आमच्यात डान्स नसतो! शिवाय मुलीकडच्यांनी कायम खाली बघून हसत राहायचं, वरातीपुढे वाकायचं, आणि आता संगीतात टाळ्याही वाजवायच्या, हा करार कुणी कुणाशी कधी केला? मी सही केलेली नाही.

"आम्हीपण करणार आहोत," मी म्हणालो.

"काय?"

"हेच. चा-चा-चा."

हा शब्द माझ्या कानावर पडून दीड मिनिटही झालं नव्हतं. निधीने कपाळावर हात मारला. मी बायकोकडे पाहिलं. सुलक्षणा एरवी अशा वेळी डोळ्यांनीच माझी सालं काढते. त्या दिवशी तिच्या डोळ्यांत काही भलतंच चमकलं.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "अहो, बोललात ते खरंच करायचं हां. माझ्या लेकीच्या सासरी जन्मभर टाळ्या वाजवणारी विहीण म्हणून मी जाणार नाही. आता मागं फिरायचं नाही."

"धुरी मागं फिरत नाहीत," मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते पुढे फार महागात पडलं.

"बाबा, व्हिडिओ निघतो," आमच्या दोघांच्या मध्ये चेपून बसलेली निधी म्हणाली. "आणि तो मरेपर्यंत फिरत राहतो. प्लीज."

पोरीला बापाची लाज वाटणं हा निसर्गनियम आहे. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

अंधेरीला विकी नावाच्या मुलाचा क्लास होता. मुलगा चुणचुणीत, पँट इतकी घट्ट की तो बसतो कसा हा प्रश्न मला नाचापेक्षा जास्त पडला. बाकीची मंडळी पवईच्या ऑफिसांतून आलेली, तरुण, गळ्यात अजून ओळखपत्रं. विकीने समजावलं ते सोपं होतं. जोडी समोरासमोर उभी राहते. पुरुष डावा पाय पुढे टाकतो, त्याच वेळी बाई उजवा पाय मागे घेते. मग वजन परत, मग बाजूला तीन छोटी पावलं, चा-चा-चा. मग उलट. पुरुष चालवतो, त्याला लीड म्हणतात. बाई त्याच्या हाताचा इशारा ओळखून चालते.

"सिंपल आहे अंकल. फक्त कंबर सोडा."

"सोडली तर पँट पडेल," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

तरीही आमचं बरं चाललं होतं. सुलक्षणाला तर पहिल्या दहा मिनिटांतच ताल सापडला. आणि तेवढ्यात विकीने टाळी वाजवली, "पार्टनर चेंज!"

मला नुसतं 'चेंज' ऐकू आलं, वाटलं, बॅटरीचं वगैरे काहीतरी असेल. तोवर माझ्या समोर निधीच्या वयाची एक मुलगी येऊन हात पुढे करून उभी. आणि माझी बायको, माझी स्वतःची, सप्तपदी चाललेली, एका दाढीवाल्या पवईकराच्या हातात हात देऊन पलीकडे हसत नाचतेय! मी त्या पोरीला नमस्कार केला. काय करणार? समोर हात आला की माझे दोन हात आपोआप जुळतात. तिनेही बिचारीने नमस्कार केला. मग आम्ही दोघं एकमेकांना नमस्कार करत उभे.

विकी म्हणाला, "अंकल, इथे सगळे सगळ्यांबरोबर करतात."

"आमच्यात नाही करत," मी म्हणालो, चपला घातल्या आणि बाहेर आलो. रस्त्यावर आल्यावर कळलं की भाविकाबेनचंच वाक्य मी त्यांच्या वतीने सिद्ध करून आलोय. त्याने राग आणखी वाढला.

सुलक्षणा मात्र क्लास संपल्यावरच बाहेर आली. "माका सांगू नका काही," ती चिडली की तिची मालवणी वर येते. "तुमका लाज वाटता तर तुम्ही घरी रवा. मी शिकणार. विकीचा व्हिडिओ घेतलाय मोबाइलवर."

"मग घरीच शिकू. दोघंच."

घर म्हणजे बोरिवली पश्चिमेला, गोराई रोडजवळ, दुसऱ्या मजल्यावरचा आमचा वन बीएचके. त्या दिवसांत त्यात आम्ही कमी आणि लग्नाचं सामान जास्त राहत होतं. रुखवताचे लाडू, साड्यांचे खोके, पितळी समया, आणि सुलक्षणाच्या बहिणीने लोकरीचा करून पाठवलेला एक भलामोठा हत्ती. नाचायला उरली जागा ती कपाट आणि हत्ती यांच्यामध्ये, साधारण एका चटईएवढी. पहिलं 'चा' पुढे, दुसरं कपाटावर, तिसरं हत्तीच्या सोंडेवर.

तेवढ्यात बेल. दारात सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश नाईक, बनियनवर. ते नेमके आमच्या खालीच राहतात. पाणी गळण्यावरून आमचं जुनं भांडण आहे, दोन्ही बाजूंनी नीट जपलेलं.

"धुरी, काय कुटताय एवढं? आमचा पंखा हलतोय."

"चा-चा-चा."

"मसाला असेल तर गिरणीत द्या ना."

"नाच आहे तो! तुम्हाला पटत नसेल तर सोसायटीचा हॉल द्या!"

"अर्ज करा," चंद्रप्रकाश म्हणाले. हा माणूस मेला तरी यमाला म्हणेल, अर्ज करा.

अर्ज केला. उत्तर आलं. कधीकाळी एका हळदीच्या कार्यक्रमात दोन घरांत खुर्च्यांची फेकाफेकी झाली होती, तेव्हापासून सोसायटीच्या हॉलमध्ये 'स्त्री-पुरुष एकत्र नाचगाणे' सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय बंद. सभा होती महिन्याच्या शेवटी. तोवर दुपारी महिला मंडळाची वेळ, तेव्हा बायका काहीही करोत. संध्याकाळी पुरुष भजन मंडळाची वेळ, तेव्हा पुरुष काहीही करोत. नवरा-बायकोने मात्र एका वेळी त्या हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही. लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स घेऊन मी चंद्रप्रकाशांकडे गेलो. ते म्हणाले, "लग्न झालंय ते मान्य आहे. नाच मान्य नाही."

आता काय? सुलक्षणा म्हणाली, "सोपं आहे. मी दुपारी पुतळाबाईंबरोबर करते, तुम्ही संध्याकाळी बाळाभाऊंबरोबर करा. सभेत मंजुरी मिळाली की एकत्र."

बाळा तांडेल आणि पुतळाबाई हे आमचे शेजारी. मूळचे गोराईचे कोळी. खाडीपलीकडे त्यांची बोट आणि घर आजही आहे, इथे मुलांच्या कॉलेजसाठी फ्लॅट घेतलेला. पुतळाबाई बोरिवलीच्या बाजारात मासळी विकतात. त्यांचा आवाज आमच्या सोसायटीचा भोंगा आहे. बाळा माझा दोस्त. सहा फूट, छाती दाराएवढी. नाचायचं म्हटल्यावर तो लगेच तयार झाला, कारण कोळ्याला नाच म्हटल्यावर कारण लागत नाही.

संध्याकाळी हॉलमध्ये आम्ही समोरासमोर उभे राहिलो. कोपऱ्यात भजनवाले दोघे टाळ घेऊन बसलेले, त्यांनी टाळ खाली ठेवले. मी व्हिडिओ लावला, बाळाचा हात धरला आणि डावा पाय पुढे टाकला. बाळानेही डावा पाय पुढे टाकला. दाराएवढी छाती माझ्या नाकावर आली.

"अरे बाळा, तू बाई आहेस. तू मागं जायचंस."

"मी बाई?"

"सरावापुरती."

"ते ठीक हाय. बाई तर बाई. पण मागं? आपुन मागं नाय जात रामनाथ. तांडेल हाय मी, बोट हाकनारा. जाळं पान्यात असताना बोट मागं घेतली तर जाळं पंख्यात जातं. बापानं मला लहानपनीच सांगलेलं, बाला, काय पन कर, मागं नको जाव."

"अरे पण इथं कुठं जाळं आहे?"

"पायाला काय म्हाईत?"

तीन संध्याकाळी आम्ही छातीवर छाती आदळत काढल्या. भजनवाल्यांना हा भांडणाचा प्रकार वाटला आणि ते मध्ये पडायला लागले. शेवटी बाळानेच तोडगा काढला. "बग, नाच कुनाला शिकायचाय? तुला. मंग गरज कुनाची? तुजी. तू मागं जा. मी पुढं येतो. घरी गेल्यावर मनात उलटं करून घे."

या तर्कात खोट आहे हे मला कळत होतं, पण माझं नाकही दुखत होतं. मी उजवा पाय मागे घेतला. बाळा पुढे आला. आणि काय सांगू, नाच सुरू झाला! मी मागे, तो पुढे, चा-चा-चा. त्याने हात वर केला, मी त्याच्या हाताखालून गिरकी घेतली. भजनवाल्यांनी टाळ उचलून ठेका धरला. धुरी मागं फिरत नाहीत, असं रिक्षात बोललेला मी, आठवड्याभरात असा सफाईने मागं जायला लागलो की भिंतीला टेकल्याशिवाय थांबेना.

घरी मात्र वाट लागली. स्वयंपाकघरात एकटाच पुरुषाचा भाग करून बघावा म्हणून गाणं लावलं. मनाने डावा पाय पुढे टाकला, पायांनी उजवा मागे टाकला आणि मी तांदळाच्या पिंपावर बसलो. पुन्हा केलं, पुन्हा पिंप. पाय एकदा शिकले की कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

मी बाईचा नाच शिकलो होतो. घाटकोपरच्या दोनशे माणसांपुढे मी आणि माझी बायको दोघंही एकाच वेळी मागे जाणार होतो, एकमेकांचे हात ताणत, रस्सीखेच खेळल्यासारखे. आणि निमेशभाई पहिल्या रांगेत बसून, चांगला माणूस असल्यामुळे, टाळ्या वाजवणार होते.

हे सुलक्षणाला सांगणं शक्य नव्हतं. तिने ज्या डोळ्यांनी मला त्या दिवशी पाहिलं होतं ते डोळे मी गेली वीस वर्षं पाहिले नव्हते. त्या डोळ्यांना जाऊन सांगू, की अगो, मी बाई झालोय?

शेजाऱ्यांचे सल्ले तर विचारू नका. नाचाची बातमी सोसायटीभर झाली होती. कुणी म्हणे कंबरेला एरंडेल चोळा, कुणी म्हणे पोटात घ्या. एका गृहस्थांनी लिफ्ट दोन मजल्यांमध्ये थांबवून मला सांगितलं की लॅटिन नाचाने ब्लडप्रेशर वाढतं, त्यांच्या साडूच्या मित्राचं वाढलं होतं. तो नाचत होता का, विचारलं तर म्हणाले, नाही, बघत होता. पण सगळ्यांत घातक सल्ला भजन मंडळाच्या बुवांचा. "रामनाथ, तुमचे पाय घासतात. कॅरमची पावडर टाका जमिनीवर. सोंगटीसारखे सरकाल."

टाकली. अख्खा डबा टाकला. काय सरकलो म्हणता! बाळा तर एका ढकलीत मला स्टेजपासून दारापर्यंत पाठवायचा. नाचून झाल्यावर झाडू मारायचा हे ठरलेलं होतं. बाळाला वाटलं मी मारला, मला वाटलं बाळाने मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच हॉलमध्ये सर्वसाधारण सभा होती. त्यात एक विषय आमच्या नाचाच्या मंजुरीचा. मी इस्त्रीचा शर्ट घालून, मुद्दे पाठ करून बसलो होतो. चंद्रप्रकाश फाइल छातीशी धरून दारातून आत आले, एक पाय टाकला आणि निघाले. चालत नाही, सरकत. उभे, ताठ, चेहरा गंभीर, डोळे समोर, असे ते दारापासून अध्यक्षांच्या टेबलापर्यंत एका ओळीत आले, टेबल धरून अर्धी गिरकी घेतली आणि खुर्चीत बसले. खुर्ची त्यांना घेऊन पुढे गेली. असा ग्लाइड विकीलाही जमला नसता. मला राहवलं नाही, मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

माणसाला लागलं काही नाही. पण पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मंजुरी एकमताने नाकारली गेली. आणि भजन आणि महिला, दोन्ही मंडळांच्या वेळेतही 'हॉलच्या जमिनीचा नृत्यासाठी गैरवापर' करणाऱ्यांना बंदी. मी उठून विचारलं, "जमिनीवर पावडर टाकू नये हे उपविधीत कुठं लिहिलंय ते दाखवा!" चंद्रप्रकाश म्हणाले, "आता लिहू." आणि तिथल्या तिथे लिहिलं. माझ्या नावाने या देशात एक नियम आहे. किती जणांच्या असतो?

हॉल गेला. लग्न जवळ आलं. पुतळाबाई जिन्यातून ओरडल्या, "रडताव कला, कशाला? गोराईला चला! आमचे अंगनात कोन नाय अडवत!"

त्यांच्या घरामागे बोंबील वाळत घालायचं मोठं अंगण आहे. बांबूंच्या उभ्या-आडव्या चौकटी, त्यांवर जोडीजोडीने लटकलेले बोंबील, ओळीच्या ओळी. मी संध्याकाळी खाडी ओलांडून बाळाबरोबर जायचो. सुलक्षणा दुपारी पुतळाबाईंबरोबर जाऊन आलेली असायची. आमची होडी जेटीला लागताना कधी तिची सुटत असायची. आम्ही एकमेकांना हात करायचो, आणि दोघांच्याही अंगाला सारखाच वास.

त्या अंगणात नाचणं म्हणजे सतत वाकणं. गिरकी घेताना आडवा बांबू आला की गुडघे मोडून खाली जायचं, नाहीतर बोंबील तोंडात. बाजूला कोळणी मासळी निवडत बसलेल्या, त्यांची शेरेबाजी वेगळीच.

"ओ मावशे! कंबर हालवा जरा, तुटत नाय!"

"मावशी नाही, काका म्हणा!" मी ओरडायचो.

"मंग मागं मागं कला जाता?"

मी आणखी एक पाऊल मागे जायचो. पण कंबर मात्र सुटली. विकीला जे जमलं नाही ते त्या बायांच्या तोंडाने केलं.

आता खरं तर एकदा तरी आम्ही दोघांनी एकत्र नाचून बघायला हवं होतं. मी टाळत होतो, कारण उघडच आहे. पण सुलक्षणा? मी मन घट्ट करून म्हणायचो, "आज जरा दोघं करून बघू या का?" की ती लगेच, "आज? आज मुलुंडला केळवण आहे ना." दुसऱ्या दिवशी ती म्हणायची, "बघू या का आज?" की मी, "आज मालाडच्या मावशीकडे केळवण." लग्नाआधी मुलीच्या घरच्यांना नातलग जेवायला बोलावतात, ही प्रथा पूर्वजांनी आमच्याचसाठी काढली असावी. एरवी ज्या काकूंच्या पुरणपोळीला मी घाबरतो, त्यांच्याकडे आम्ही दोघं दोनदा जेवून आलो.

संगीताचा दिवस उगवला. घाटकोपरचा एसी हॉल, झुंबरं, जमिनीवर आरशासारखी लादी. आमच्याकडची माणसं एका बाजूला, बाळा आणि पुतळाबाई त्यात सगळ्यांत पुढे. त्यांच्या अंगावरचं सोनं बघून भाविकाबेनच्या बहिणींची बोलती बंद झाली होती.

निमेशभाई आणि भाविकाबेनचा नाच झाला. खोटं कशाला बोलू, झकास झाला. धूर आला, दिवे फिरले. निमेशभाईंचा डावा पाय पुढे, भाविकाबेनचा उजवा मागे, सगळं विकीच्या व्हिडिओसारखं. नाच संपवून घाम पुसत निमेशभाई माझ्याकडे आले, खांद्यावर हात ठेवला. "धुरीभाई, ते तुम्ही त्या दिवशी बोलला होता ना, ते सोडून द्या हां. घरचीच गोष्ट आहे. तुम्ही बसा. आम्ही कुणाला सांगणार नाय."

आम्ही कुणाला सांगणार नाही! म्हणजे बघा, चांगुलपणाची हद्द बघा! मी उठलो. सुलक्षणा माझ्याआधी उठली होती.

लादीच्या मध्यभागी आम्ही समोरासमोर उभे राहिलो. तिने जांभळी पैठणी खोचलेली, कपाळावर घाम. मी हळूच म्हणालो, "अगो ऐक, एक सांगायचं राहिलंय."

"आता काय सांगू नका," ती ओठ न हलवता म्हणाली. "माका पण सांगायचा आसा. नंतर."

"नंतर उशीर होईल."

"गप रवा. गाणं लागलं."

गाणं लागलं होतं. निधी डोळ्यांवर हात ठेवून, बोटांच्या फटीतून बघत होती. मी देवाचं नाव घेतलं, निश्चय केला की काही झालं तरी डावा पाय पुढे टाकायचा, पुरुषासारखा, धुरीसारखा, आणि उजवा पाय मागे टाकला.

डोळे मिटले. हात ताणला जायची वाट बघितली.

हात ताणला गेला नाही. उघडून बघतो तर सुलक्षणा माझ्या अंगावर पुढे आलेली. डावा पाय पुढे, पैठणीचा काठ उडालेला, नजर माझ्यावर रोखलेली. परत वजन, बाजूला चा-चा-चा. मग ती मागे, मी पुढे. मग पुन्हा मी मागे, ती पुढे. तिचा हात माझ्या पाठीवर, इशारा इतका स्पष्ट की तेवढा बाळाचाही नव्हता.

"तू पुरुषाचं शिकलीस?" मी नाचता नाचता कुजबुजलो.

"पुतळाबाई ऐकेनात! म्हणाल्या, मी बाय हाय, मी बाईचाच करनार, तू हो नवरा. आणि तुम्ही?"

"तांडेल मागं जात नाही."

ती एवढ्या जोरात हसली की पुढच्या रांगेला वाटलं तेही नाचातलंच आहे. तीस वर्षं या बाईने माझं घर चालवलं, गॅस कधी संपणार ते मला, मी कधी चिडणार ते शेजाऱ्यांना आधी सांगितलं. आणि मी मात्र लीड माझाच आहे असं धरून चाललो होतो. लादीवर पहिल्यांदा सगळं आपापल्या जागी आलं.

"बाई! बाई कोण आहे यात?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. आणि बाळाचा आवाज झुंबरं हलवत आला, "मागं, रामनाथ, मागं! शाबास!"

मग तिने हात वर केला. गिरकी! सुलक्षणा माझ्या खांद्यापर्यंत येते. तिच्या हाताखालून जायचं म्हणजे माझ्या उंचीच्या माणसाने कंबरेत मोडायला हवं. पण मी गोराईच्या अंगणात रोज बांबूखालून गेलेला माणूस. गुडघे आपोआप मोडले, डोकं आपोआप खाली गेलं, आणि मी असा वळसा घेऊन वर आलो की एक बोंबील हलला नसता. हॉल उठून उभा राहिला. आमच्याकडच्यांनी शिट्ट्या मारल्या, त्यांच्याकडच्यांनी त्याहून मोठ्या मारल्या. पुतळाबाई लादीवर उतरल्या आणि त्यांनी आमची दृष्ट काढत बोटं मोडली. निधीचे हात डोळ्यांवरून कधीच निघाले होते. ती मोबाइल धरून उभी होती, रडत होती आणि ओरडत होती, "बाबा, परत! ती गिरकी परत!"

परत घेतली. पोरीने पहिल्यांदाच काही परत मागितलं होतं.

गाणं संपलं तेव्हा निमेशभाई धावत आले. टाळ्या वाजवून त्यांचे हात लाल झाले होते. ते मी मुद्दाम बघून घेतलं.

"धुरीभाई, ही कुठली स्टाइल? कुठल्या ॲकॅडमीत शिकला तुम्ही?"

"गोराईला. बोंबलांत."

त्यांना वाटलं एखाद्या परदेशी मास्तरचं नाव आहे. त्यांनी आदराने मान हलवली.

भाविकाबेन मात्र माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या सुलक्षणाकडे बघत होत्या. "म्हणजे," त्यांनी हळूच विचारलं, "बाईपण पुढे जाऊ शकते?"

"जाऊन बघा," सुलक्षणा म्हणाली.

भाविकाबेननी साडी खोचली, नवऱ्याचा हात धरला आणि डावा पाय पुढे टाकला. निमेशभाई गांगरले. त्यांनी आपलाही पाय पुढे टाकला, आणि मला माझं नाक आठवलं. मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो, खांद्यावर हात ठेवला, अगदी त्यांनी माझ्या ठेवला होता तसाच.

"निमेशभाई, काय टेन्शन घेऊ नका. घरचीच गोष्ट आहे. मागं व्हा."

मुलीकडच्या माणसाने भर मांडवात मुलाकडच्या माणसाला 'मागं व्हा' म्हणावं, असं आमच्या घराण्यात कधी घडलं नव्हतं. आणि तो झाला. उजवा पाय, व्यवस्थित, तालात.

मी आणि सुलक्षणा पहिल्या रांगेत जाऊन बसलो आणि मस्त टाळ्या वाजवल्या.